वाळवंटातली झुडपं आणि सूर्यफुलाचं कूळ: आपल्या अथणी-रामदुर्गकडं अशी का दिसत नाहीत?

टिळकवाडी
मंडळी, भाचा ॲरिझोनात टूसानला असतो, सुट्टीत गाडी काढून पार नेवाडापर्यंत जाऊन आला आणि घरच्या ग्रुपवर झुडपांचे फोटो टाकलेत. एक चंदेरी पानांचं, वर लांब दांड्यांवर पिवळी फुलं, त्याला तिकडं ब्रिटलबुश म्हणतात, शास्त्रीय नाव एन्सेलिया फॅरिनोसा. दुसरं गुडघ्याएवढं, राखाडी, त्याला फूल म्हणावं असं काही दिसतच नाही, ते अँब्रोसिया ड्युमोसा. तिसरं सेजब्रश, मैलोन्‌मैल तेच. चौथं रॅबिटब्रश, थंडीच्या तोंडाला पिवळंजर्द होतं. आणि खाली लिहिलंय की चारही सूर्यफुलाच्या कुळातली.

आता मी बीएस्सीला वनस्पतीशास्त्र घेतलं होतं पण पुढं बँकेत गेलो, त्यामुळं इथल्या जाणत्यांना विचारतो. एक, ही चार इतकी वेगळी झुडपं एका कुळात बसतात ती कशाच्या आधारावर. दोन, आपल्या बेळगाव जिल्ह्याच्या पूर्वेला अथणी, रामदुर्ग, सौंदत्तीकडं पाऊस कमीच की, मग तिथं या कुळाची अशी झुडपं का नाहीत. तीन, माझ्या जुन्या पुस्तकात रॅबिटब्रशचं नाव क्रायसोथॅम्नस आहे आणि भाच्याचं ॲप एरिकॅमेरिया म्हणतंय, ही नावं का बदलत राहतात. वेळ काढून सविस्तर लिहा, मला मनापासून समजून घ्यायचंय.

अथणीकर
झुडपं न्हाईत पण कूळ हाय की! शाळूच्या रानाच्या कडेनं आम्ही करडईचा पट्टा टाकतो, जनावर आत शिरत न्हाई काट्यापायी. ती करडई सूर्यफुलाचीच बहीण. कन्नड शाळेत कुसुबी म्हणायचे तीच.

रानवाटा
टिळकवाडी, धागा काढलात ते फार बरं झालं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर हातात फूल घेऊनच कळतं, त्यामुळं अथणीकरांच्या करडईपासूनच सुरू करतो.

आपण ज्याला करडईचं एक फूल म्हणतो ते फूल नाही, तो फुलोरा आहे. पुस्तकात त्याला स्तबक म्हणतात, मी सोपं म्हणून मुंडकं म्हणतो. एका बैठकीवर पुष्कळ बारीक फुलं म्हणजे पुष्पकं दाटीनं बसलेली आणि बाहेरून हिरव्या छदांचं, म्हणजे पानासारख्या खवल्यांचं, कडं. करडईत ती छदं काटेरी. रंगासाठी आपण जी केशरी पाकळी खुडतो ती पाकळी नसून एक अख्खं पुष्पक असतं. ते ओढून काढा, नखानं उभं चिरा. तळाशी नळी, वर पाच फाकी, आत पाच पुंकेसर आणि त्यांचे परागकोश एकमेकांना चिकटून त्यांची आणखी एक नळी झालेली. पराग त्या नळीच्या आतल्या बाजूला सांडतो. मग मधून कुक्षीवृंत, म्हणजे फुलातल्या मादीभागाची दांडी, वाढत वर येतो आणि बाटली धुवायच्या ब्रशनं गाळ बाहेर काढावा तसा तो पराग वर ढकलतो, आणि पराग बाहेर पडून गेला की मगच स्वतःची दोन टोकं उघडतो. खाली एकच बीजांड, त्याचं एकबियांचं कोरडं फळ, ज्याला आपण बी म्हणतो.

मुंडकं, चिकटलेले परागकोश, खालचं एकबियांचं फळ. ही त्रयी जिथं सापडेल तिथं कूळ सूर्यफुलाचं, मग ते झाड असो, वेल असो, पाण्यातलं असो की वाळवंटातलं झुडूप. झाडाचा आकार, काटे, पानाचा रंग हे परिस्थितीनं फार लवकर बदलतात, म्हणून कूळ ठरवताना मी ते शेवटी बघतो. जगात या कुळाच्या बत्तीस हजारांच्या आसपास जाती आहेत, बरोबरीला फक्त ऑर्किडचं कूळ.

निपाणीची वैनी
सर म्हणजे झेंडूची एकेक पाकळी हे एकेक फूल? दसऱ्याला एवढी तोरणं ओवली हातानं, कधी असं बघितलंच नाही. पण मग शेवंतीत मधे पिवळं असतं आणि बाहेर पांढऱ्या पाकळ्या, त्यात दोन तऱ्हेची फुलं झाली की!

रानवाटा
वैनी, अगदी बरोबर पकडलंत. मधली नळीदार ती बिंबपुष्पकं, कडेची एका बाजूला पट्टी लांबलेली ती किरणपुष्पकं. बागेतल्या भरगच्च झेंडूत माणसानं निवड करकरून आतलीही बहुतेक पट्टीची करून टाकलीत. रानातल्या एकेरी जातीत फरक स्वच्छ दिसतो.

टिळकवाडींच्या चार झुडपांना हेच लावा. ब्रिटलबुशमध्ये दोन्ही तऱ्हा आहेत, बाहेरची पिवळी किरणपुष्पकं वांझ, बी धरतं ते मधल्यांत, आपल्या सूर्यफुलातही तसंच. रॅबिटब्रशमध्ये किरणपुष्पकं नाहीतच, एकेका अरुंद मुंडक्यात साधारण पाच बिंबपुष्पकं, पण मुंडकी इतकी की झुडूप पिवळं होतं. सेजब्रशचं मुंडकं तर ज्वारीच्या दाण्याहून लहान, त्यात तीन ते आठ पुष्पकं. आणि अँब्रोसियानं नर आणि मादी मुंडकीच वेगळी केलीत, पराग वाऱ्यावर सोडतो, कीटकाला बोलवायचं नाही म्हणून रंग नाही. भाच्याला फूल दिसलं नाही ते त्यामुळं.

गोकाककर
आणि ते क्रिओसोट बुश? मोहावी वाळवंटाच्या फोटोत सगळीकडं तेच असतंय, पिवळी फुलं असतात, तेही यातलंच ना? हजारो वर्षं जगणारं झुडूप म्हणून कुठंतरी वाचलंय.

ॲग्रीवाला
गोकाककर, नाही. ते आपल्या सराट्याच्या कुळातलं. अनवाणी रानात गेलं की पायात घुसतो तोच सराटा. क्रिओसोटचं फूल म्हणजे खरोखर एक फूल, पाच सुट्या पाकळ्या, दहा पुंकेसर सुटे, आणि फळ पांढऱ्या लवेचं, पिकल्यावर पाच तुकडे होतात. मुंडकं नाही, छदांचं कडं नाही. पिवळं दिसलं म्हणून सूर्यफुलाचं म्हणता येत नाही.

पण दोघांचा शेजार मात्र पक्का. क्रिओसोटची रोपं पुष्कळदा अँब्रोसिया ड्युमोसाच्या सावलीत तग धरतात आणि पुढं त्यालाच भारी पडतात. मुळांवर एक प्रयोग १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात दिसलं की अँब्रोसियाचं मूळ दुसऱ्या अँब्रोसिया झुडपाच्या मुळाला भिडलं की त्याची वाढ मंदावते, पण स्वतःच्याच दुसऱ्या मुळाला भिडलं तर नाही. म्हणजे आपलं कोण आणि परकं कोण हे मुळाला कळतं. कॉलेजात हे ऐकलं त्या दिवसापासून मला मुळांचा नाद लागला, अजून सुटलेला नाही.

कुवेतला_असतो
मी मूळचा खानापूरचा, कामानिमित्त कुवेतला. इथं वाळवंटात अर्फज म्हणून झुडूप आहे, रँथेरियम एपापोसम, कुवेतचं राष्ट्रीय फूल. तेही सूर्यफुलाच्या कुळातलंच. पाऊस बरा झाला तर मार्च-एप्रिलला बारक्या पिवळ्या मुंडक्यांनी भरतं, एरवी वाळक्या काटक्यांचा ढीग, आपल्याकडं कुणी चुलीला नेईल. उंट आणि मेंढ्या आवडीनं खातात आणि त्यामुळंच उघड्यावर फार कमी झालंय. कुंपण घातलेल्या राखीव भागात बघायला मिळतं. शुक्रवारी मित्रांबरोबर मुद्दाम बघायला गेलो तर इथलेच काही म्हणाले आम्ही हे फक्त पुस्तकात बघितलंय. वाईट वाटलं.

उटकटारा
सगळं वाचतोय. आमची मेंढरं हायत, पावसाळा झाला की सौंदत्तीच्या माळाकडं नेतो. सर म्हणतात झाडाचा आकार आणि काटा शेवटी बघायचा, हे मला पटत न्हाई. मेंढरामागं चालणाऱ्याला काटा पैला बघावा लागतो. काय खातंय, कशानं पोट फुगतंय, कुठलं दूध वाढवतंय, कशाचं बोंड लोकरीत अडकतंय, आमची वाटणी ह्याच्यावर. आजोबा वासावरून झाड सांगायचे, अंधारात. ती वाटणी पण शास्त्रच हाय की. तुमच्या पुष्पकाला बघायला भिंग लागतंय, आम्ही भिंग घेऊन कुठं हिंडू?

रानवाटा
उटकटारा, तुमच्या आजोबांच्या वाटणीला मी शास्त्रच म्हणतो आणि ती कुणीतरी लिहून ठेवायला हवी. पण दोन वाटण्यांचं काम वेगळं. तुमची वाटणी आज जनावर वाचवते. कुळाची वाटणी नातं सांगते, आणि नातं कळलं की न बघितलेल्या झाडाबद्दलही अंदाज करता येतो. तुम्ही जे नाव घेतलंय त्या उटकटाऱ्याचाच काटेरी चेंडू घ्या. सुईनं एकेक भाग सुटा करा. प्रत्येक भागाला स्वतःचं काटेरी छदांचं कडं आणि आत एकच पुष्पक. म्हणजे तो चेंडू एक मुंडकं नाही, एकेका पुष्पकाची शेकडो मुंडकी एकत्र येऊन चेंडू झालाय. हे कळलं की मग करडई आणि उटकटारा एकाच पोटगटातले हे सांगावं लागत नाही. भिंग नसेल तर मोबाईलचा कॅमेरा मोठा करून बघा, दिसतं.

उटकटारा
उद्या बघतो. चेंडू भरपूर हायत, कातडी जातीय हाताची तेवढंच.

शहापूरवाली
अँब्रोसिया वाऱ्यावर पराग सोडतो म्हटल्यावर मला आमच्या गल्लीतलं काँग्रेस गवत आठवलं. पावसाळ्यानंतर माझ्या हाताला पुरळ, नाक बंद, डोळे लाल. डॉक्टरनी सांगितलं त्याच्यापासून लांब राहा. लांब राहायचं कुठं, मोकळा प्लॉट दिसला की ते आहेच. त्याचा आणि या झुडपांचा काही संबंध आहे का?

ॲग्रीवाला
ताई, संबंध फार जवळचा आहे. काँग्रेस गवत म्हणजे गाजरगवत, पार्थेनियम हिस्टेरोफोरस. अँब्रोसिया, आपलं ते शंकेश्वर म्हणजे मेंढराच्या लोकरीत अडकणारं बोंड, आणि पार्थेनियम हे सगळे एकाच उपगटातले. शंकेश्वराचं बोंड आडवं कापलंत तर आत दोन बिया दिसतात, एक लवकर उगवते, दुसरी मागं राहते. उटकटारा भाऊ, एकाच बोंडातलं दुसरं रोप पुढच्या खेपेला का येतं त्याचं कारण हे.

आता या धाग्याला धरून मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. याच पार्थेनियम वंशात वाळवंटातलं एक झुडूप आहे, ग्वायुले, पार्थेनियम आर्जेंटेटम. मेक्सिको आणि टेक्सासमधल्या चिवावा वाळवंटातलं, पानं चंदेरी, उंची गुडघा ते मांडी. त्याच्यापासून रबर मिळतं, खरं रबर. रबराच्या झाडाला चीर दिली की चीक वाहतो, इथं तसं नाही, रबर सालीतल्या पेशींच्या आत अडकलेलं असतं, म्हणून झुडूप कापून, चेचून काढावं लागतं. दुसऱ्या महायुद्धात जपाननं आग्नेय आशियातले रबराचे मळे ताब्यात घेतले तेव्हा अमेरिकेनं १९४२ मध्ये तातडीनं ग्वायुलेची हजारो एकर लागवड केली. युद्ध संपलं, कृत्रिम रबर स्वस्त झालं आणि उभी शेतं मोडून टाकली. आता परत त्यावर काम चालू आहे, कारण रबराच्या झाडाच्या चिकातल्या ज्या प्रथिनांची काहींना ॲलर्जी येते ती यात नसतात, त्यामुळं त्याचे हातमोजे चालतात.

एका भावंडानं शहापूरवाली ताईंच्या हाताला पुरळ आणलं आणि दुसऱ्याचे हातमोजे ॲलर्जीवाल्यांसाठी. मुंडकं दोघांचं जवळजवळ सारखं, पांढरं, बारीक, पाच कोपऱ्यांत पाच किरणपुष्पकं आणि बी फक्त त्या पाचांत. मधली सगळी पराग देऊन मोकळी.

शहापूरवाली
बाई गं. म्हणजे तो पांढरा ठिपका एवढा नीट बांधलेला असतो! उपटायला माणूस लावताना हातमोजे आणि पूर्ण बाह्या लागतातच, सगळ्यांनी लक्षात ठेवा, फुलं यायच्या आधी उपटा.

अथणीकर
ते मेक्सिकोचे भुंगे सोडलेवते ना त्याच्यावर?

ॲग्रीवाला
होय, झायगोग्रामा बायकोलोराटा, बेंगळुरूमध्ये १९८४ साली पहिल्यांदा सोडले. पावसात पानं चाळणी करतात, आपल्याकडंही दिसतात, पिवळसर पंखांवर गडद रेघा. पण पाऊस संपला की भुंगे जमिनीत जाऊन बसतात आणि गवत परत येतं. भुंग्यावर सोडून चालणार नाही.

टिळकवाडी
केवढी माहिती! माझा नावांचा प्रश्न अजून तसाच आहे बघा. आणि खरं सांगायचं तर त्यावर माझं थोडं म्हणणंही आहे. एकदा दिलेलं नाव दर दहा-वीस वर्षांनी बदललं तर शिकणाऱ्यानं काय करावं? बँकेत खात्याचं नाव असं बदललं असतं तर गोंधळ झाला असता.

अथणीकर
मी बी तेच म्हणतो. बी-बियाण्याच्या पिशवीवर एक नाव, कागदावर दुसरं, ॲपवर तिसरं. शेतकऱ्याला त्रास.

लोंढा_जंक्शन
इथं मी थोडा विरोधी सूर लावतो. नाव हे निव्वळ लेबल असतं तर बदलायची गरज नव्हती. पण वैज्ञानिक नावाचा पहिला शब्द वंश सांगतो, म्हणजे नात्याचा दावा करतो. दावा चुकीचा ठरला तर नाव बदललंच पाहिजे, नाहीतर आपण जाणूनबुजून चुकीचं नातं शिकवत राहू.

तुमच्याच झुडपांची उदाहरणं घ्या. रॅबिटब्रश क्रायसोथॅम्नसमध्ये होतं. नीट तपासल्यावर दिसलं की ते बाकीच्या क्रायसोथॅम्नसपेक्षा एरिकॅमेरियाच्या झुडपांना जवळचं आहे, म्हणून १९९३ मध्ये तिकडं हलवलं. क्रायसोथॅम्नस वंश संपला नाही, त्यातली खरी मंडळी तिथंच आहेत. अँब्रोसिया ड्युमोसा आधी फ्रान्सेरिया होतं, तो अख्खा वंश १९६४ मध्ये अँब्रोसियात घेतला. चीजबुश म्हणून तिथलं आणखी एक झुडूप आहे, हायमेनोक्लिया, त्याच्या फळाला पातळ पडद्याचे पंख असतात, वाऱ्यावर उडतं. काटेरी बोंडाच्या अँब्रोसियाशी त्याचं काय नातं असं कुणालाही वाटेल. पण डीएनएची तुलना केली तर ते अँब्रोसियाच्या फांदीच्या आतच बसतं. म्हणून २००२ मध्ये तेही अँब्रोसिया झालं. काटा पसरट झाला की पंख होतो, एवढंच झालंय तिथं. मला तर हे नाव बदलल्याचं समाधान वाटतं, कारण जुन्या नावानं ही गोष्ट झाकली होती.

रानवाटा
लोंढाशी पूर्ण सहमत, आणि एक मोठं उदाहरण जोडतो. १८७३ मध्ये इंग्रज वनस्पतीशास्त्रज्ञ जॉर्ज बेंथम यांनी अख्ख्या कुळाची मांडणी केली, तेरा गट पाडले, आणि ते काम इतकं काटेकोर होतं की शंभर वर्षं तीच चौकट चालली. आता गट चाळीसच्या वर गेलेत. पण कुळाचं मूळ कुठलं हे बाह्यरूपावरून ठरत नव्हतं. १९८७ मध्ये हरितलवकाच्या डीएनएवर काम करणाऱ्यांना दिसलं की या कुळातल्या जवळपास सगळ्यांत डीएनएचा एक मोठा तुकडा उलटा बसलाय, आणि दक्षिण अमेरिकेतल्या एका छोट्या गटात तो सुलटा आहे, कुळाबाहेरच्या वनस्पतींत असतो तसा. म्हणजे तो गट सगळ्यात आधी वेगळा झाला. त्या गटाला बार्नाडेसिया गट म्हणतात, त्यात चुकिरागा नावाची काटेरी, टणक पानांची झुडपं आहेत, अँडीजच्या कोरड्या उतारांवरची. पॅटागोनियात या कुळाचं सुमारे पावणेपाच कोटी वर्षांपूर्वीचं मुंडकं दगडात सापडलंय. त्यामुळं झुडूपपणा ही वाळवंटात गेल्यावर लागलेली सवय आहे असं सरसकट समजू नये. कुळाच्या जुन्या फांद्यांतच लाकूड आहे.

टिळकवाडी
पटलं. मी वहीत जुनं आणि नवं दोन्ही नावं लिहून पुढं साल टाकायला सुरुवात करतो.

गोकाककर
मग दुसरा प्रश्न राहिला की. आपल्याकडं लाकडी झुडपं का नाहीत?

कुवेतला_असतो
आमच्या खानापूरकडं आहेत! रानमारी बघा, जांबोटीच्या वाटेला रस्त्याच्या दोन्ही अंगाला माजलीय, डिसेंबरात पांढरट-जांभळी मुंडकी. झुडूपच की ते, या कुळातलंच, आणि बाहेरून आलेलं.

रानवाटा
फार मोलाचा मुद्दा. सह्याद्रीत तर व्हर्नोनिया आर्बोरिया हे या कुळातलं चांगलं उंच झाड आहे. म्हणजे आपल्या भागात लाकडी सूर्यफूल-कूळ ओल्या बाजूला आणि कोरड्या बाजूला मात्र बुटकी, वर्षभरात आटोपणारी. माका, एकदांडी, पाथरी, गोरखमुंडी, सोनकडी, बहुतेक सगळी.

माझं मत असं. पहिलं कारण इतिहासाचं. एन्सेलिया, अँब्रोसियाची झुडपं, एरिकॅमेरिया हे अमेरिकेत घडलेले वंश, ते तिथल्या वाळवंटाबरोबर फुटत गेले. त्यांच्यातलं इथवर जे पोचलं ते माणसाच्या मालाबरोबर आलेलं तण, आणि तण म्हणून टिकतं ते झटपट बी धरणारं. दुसरं, आपलं रामदुर्ग-अथणी कोरडं असलं तरी वाळवंट नाही. पाऊस थोडा पण चार महिन्यांत एकवटलेला, तेवढ्यात गवत आणि वर्षायू उरकून घेतात, आणि काळं रान दरसाल नांगराखाली, माळावर मेंढरं. झुडपाला दहा वर्षं उभं राहायला जागा कुठाय?

ॲग्रीवाला
सर, दुसरं कारण मला अपुरं वाटतं. राजस्थानात थरमध्ये खरं वाळवंट आहे, तिथंही मोठी झुडपं दुसऱ्याच कुळांची, फोग, केर, रुई. सूर्यफूल-कूळ तिथंही मुख्यतः बुटक्यांचंच, रास्नेसारखं अर्धझुडूप सोडलं तर. ती रास्ना म्हणजे प्लुचिया लँसिओलाटा, आणि तिची सख्खी प्लुचिया सेरिसिया अमेरिकेत कोलोरॅडो नदीच्या काठानं आणि डेथ व्हॅलीत माणसाच्या वर वाढते, तिच्या सरळ काठ्यांचे तिथले मूळनिवासी बाण करायचे. वंश एक, ऊन दोन्हीकडं भाजून काढणारं, तरी एक अर्धझुडूप आणि एक पुरुषभर. म्हणून मी इतिहासाच्या कारणाला जास्त वजन देईन. आणि आपल्याच देशात लडाखच्या थंड वाळवंटात बघा, तिथं आर्टेमिसियाची झुडुपं डोंगरउतार भरून आहेत.

निपाणीची वैनी
आर्टेमिसिया म्हणजे दवणा ना? जोतिबाला चैत्रात वाहतो तो?

ॲग्रीवाला
होय वैनी, दवणा आर्टेमिसिया पॅलेन्स. टिळकवाडींच्या भाच्याचं सेजब्रश आर्टेमिसिया ट्रायडेंटाटा, नेवाडा राज्याचं राज्यपुष्प. दोघांची पानं चुरडली की वासावरून नातं कळतं. इथं उटकटारा भाऊंचे आजोबा बरोबर ठरतात, वासाची द्रव्यं या वंशात खरंच ओळखीची खूण आहेत. सेजब्रशला दोन तऱ्हेची पानं येतात, वसंतात मोठी, जी उन्हाळा तापला की गळतात, आणि टोकाला तीन दाते असलेली छोटी, जी हिवाळाभर टिकतात. पण आग लागली तर ते बुंध्यापासून परत फुटत नाही, बियांवरूनच यावं लागतं. बाहेरून आलेल्या गवतामुळं तिथं आगी वाढल्यात आणि सेजब्रशचे मोठे पट्टे त्यातच गेलेत.

लोंढा_जंक्शन
ब्रिटलबुशच्या पानाबद्दल राहूनच गेलं. ती चंदेरी छटा रंगाची नाही, केसांची आहे. पानावरचे केस मेलेले, आत हवा भरलेले, ते ऊन परत फेकतात. ओल असताना येणारी पानं मोठी आणि हिरवी, पडलेल्या उन्हातलं साधारण ८० टक्के शोषतात. कोरड पडत जाईल तशी नवी पानं लहान आणि जास्त केसाळ येतात, शोषण ३० टक्क्यांच्या आसपास उतरतं. पान थंड राहतं, पाणी वाचतं, पण उजेड कमी मिळाल्यानं अन्नही कमी तयार होतं. तो तोटा झुडूप सोसतं.

याच वंशातलं एन्सेलिया फ्रुटेसेन्स कोरड्या ओढ्यांच्या पात्रात वाढतं, तिथं खाली ओल असते, म्हणून त्याची पानं हिरवी, जवळजवळ बिनकेसांची, ते पाणी उडवून पान थंड ठेवतं. ओढ्याच्या काठावर दोघं भेटतात आणि संकर होतो. या वंशात सगळ्यांची गुणसूत्रं १८ जोड्या, त्यामुळं संकराला अडचण नाही. एन्सेलिया व्हर्जिनेन्सिस ही जात तर दोन जातींच्या संकरातूनच उभी राहिलीय असं मानतात. आता इथं जातीची रेघ कुठं मारायची सांगा टिळकवाडी. झाडं एकमेकांत मिसळतात, पण खडकाळ उतार आणि ओढ्याचं पात्र ही दोन घरं त्यांना वेगळं ठेवतात.

उटकटारा
बघितलं सर. चेंडू फोडला, सुटा केला, मोबाईलात बघितलं. प्रत्येकाला वेगळं काट्याचं कडं हाय, आत निळसर-पांढरं एकच. पोरांनी बी बघितलं, धाकटीनं चार चेंडू फोडले. आता ती करडईचं विचारतीय, शाळेत वाळवून चिकटवायचंय म्हणते. काट्यानं कागद फाटतोय, कसं करायचं?

रानवाटा
वा! धाकटीला सांगा, करडईचं मुंडकं अख्खं दाबायचं नाही. धारदार पातीनं वरून खाली उभं अर्धं कापायचं, कापायचं काम मोठ्यांनी करायचं. कापलेली बाजू वर, म्हणजे बैठक, पुष्पकं आणि छदं तिन्ही दिसतात. काट्याच्या दोन्ही अंगाला वर्तमानपत्राच्या जाड घड्या आणि त्याच्या बाहेर पुठ्ठा, वर दगड. पहिले काही दिवस कागद रोज बदला, नाहीतर बुरशी धरते. पाच-सहा पुष्पकं वेगळी काढून छोट्या कागदी पाकिटात घालून शेजारी चिकटवा, पुढं भिंगाखाली बघायला उपयोगी पडतात. फुलाचा रंग ओला असतानाच चिठ्ठीवर लिहा, वाळल्यावर पिवळं-केशरी लालसर होतं. चिठ्ठीत गाव, तारीख, काळं रान की माळ, आणि मेंढरं खातात की नाही हेही लिहायला सांगा.

अथणीकर
करडई लागली तर सांगा, जानेवारीच्या शेवटाला कडेचा पट्टा फुलावर येतोय. भीमा हाय, सोलापूरचं वाण, काटा जोरात. पोरांना घेऊन या, हातमोजे आणि कात्री तेवढी आणा.